स्ट्रोकनंतर आईला परत चालवणारी फिजिओथेरपी: आठ महिन्यांचा आमचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी आईला स्ट्रोक आला, मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय दोन्ही लुळे पडले. त्या दिवसांत मी रात्र रात्र मोबाईलवर एकच गोष्ट शोधत बसायचे, आई परत चालेल का आणि फिजिओ कोणाकडे लावायचा. डॉक्टरांचे व्हिडिओ खूप सापडले पण घरातल्या माणसाने मोकळेपणाने लिहिलेलं फार काही मिळालं नाही, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत, आणि नावापेक्षा तिथे काय करून घेतात ते बघणं जास्त गरजेचं आहे.

आम्ही तीन प्रकारची फिजिओ बघितली. हॉस्पिटलमधली, मग घरी येणाऱ्या फिजिओंची, आणि शेवटी न्यूरो रिहॅब सेंटरमधली, म्हणजे मेंदूच्या आजारानंतर हालचाल परत शिकवणाऱ्या सेंटरमधली. तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक निघाला.

हॉस्पिटलचं आधी सांगते. पहिल्याच दिवशी बाबा आणि मी डॉक्टरांच्या मागे लागलो होतो की हिला लगेच उठवा, चालवा, झोपून राहिली तर पाय कायमचा जाईल. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की पहिल्या २४ तासांत जास्त वेळ आणि जोर लावून उठवाउठवी केली तर फायद्याऐवजी नुकसान होऊ शकतं. २०१५ साली यावर दोन हजारांवर पेशंटचा मोठा अभ्यास छापून आलाय आणि त्यात फार लवकर, फार जास्त हालचाल करून घेतलेल्यांचा तीन महिन्यांनंतरचा निकाल थोडा कमीच भरला. म्हणून आईला दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं, पाच-दहा मिनिटं, पण दिवसातून बऱ्याच वेळा बसवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिथल्या फिजिओनी तिला पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं, स्वतःचे हात काढून घेतले आणि घड्याळ बघत राहिले. आई अर्धा मिनिट आधाराशिवाय बसली. मग त्यांनी मांडी उचलायला सांगितली, पाय उचलला गेला नाही पण स्नायू आवळलेला दिसला. ते म्हणाले ही फार चांगली खूण आहे. नंतर वाचलं तेव्हा कळलं की नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पहिल्या ७२ तासांत एवढं जमणाऱ्या माणसांपैकी जवळपास ९८ टक्के सहा महिन्यांत आधाराशिवाय चालायला लागले होते. त्या क्षणी आम्हाला आकडा माहीत नव्हता, पण त्या फिजिओंचा चेहरा बघून बाबा पहिल्यांदा खुर्चीत टेकले.

आता घरची फिजिओ, इथे आमचे जवळजवळ दोन महिने गेले आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जे यायचे ते वागायला अतिशय चांगले, वेळेवर यायचे, आईशी प्रेमाने बोलायचे. पण पाऊण तासातला अर्धा वेळ आई पलंगावर आडवी असायची आणि ते तिचा पाय वर-खाली, आत-बाहेर करायचे, मग पंधरा-वीस मिनिटं करंटचं मशीन लावायचे, आणि शेवटी दोन मिनिटं उभं करून परत बसवायचे. आईला बरं वाटायचं कारण पाय मोकळा व्हायचा. मी एकदा विचारलं की चालवणार कधी, तर म्हणाले आधी पायात ताकद येऊ दे, मग चालवू. मला ते पटलं पण होतं, कारण ऐकायला बरोबरच वाटतं ना.

मग न्यूरो रिहॅब सेंटरला गेलो, तिथल्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच भेटीत हा गैरसमज काढला. त्या म्हणाल्या, "पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, तसं चालायला शिकायचं तर उभं राहून पाऊलच टाकावं लागतं. पलंगावर पाय हलवून सांधे आखडत नाहीत एवढंच. आणि तेही आम्ही हलवण्यापेक्षा काकूंनी स्वतः हलवला तर मेंदूला काहीतरी कळतं." करंटबद्दल पण त्यांनी सरसकट नाही म्हटलं नाही. पाऊल उचलण्याच्या नेमक्या वेळेला करंट देऊन पंजा वर आणायचं तंत्र आहे आणि ते काहींना उपयोगी पडतं, पण आडवं पडून नुसता करंट घेत राहिल्याने कोणी चालायला लागत नाही.

पहिल्या दिवशी टेस्ट घेतल्या. जमिनीवर चौदा मीटरची पट्टी आखलेली, त्यातले मधले दहा मीटर घड्याळ लावून मोजतात, दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर वेग घ्यायला आणि थांबायला. आईला दहा मीटरला ३८ सेकंद लागले, ते पण मॅडमनी कमरेचा पट्टा धरून आणि हातात चार पायांची काठी. म्हणजे सेकंदाला साधारण पाव मीटर. मॅडमनी सांगितलं की ०.४ च्या खाली वेग असेल तर माणूस बहुतेक घरातल्या घरातच फिरतो, ०.४ ते ०.८ मध्ये बाहेर थोडंफार जमतं, आणि ०.८ च्या वर गेला की बाहेर बऱ्यापैकी मोकळं फिरता येतं. त्याशिवाय सहा मिनिटांत किती अंतर जातं ते मोजलं, आणि तोलाची १४ प्रकारांची टेस्ट घेतली ज्यात एकूण ५६ मार्क असतात. मला हे सगळं फार आवडलं कारण दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आईची अवस्था आकड्यात सांगितली. तोपर्यंत विचारलं की "हळूहळू होईल" एवढंच ऐकायला मिळायचं.

सेशन आठवड्यातून तीनदा, एक तासाचं. त्या एका तासात आई जवळपास सगळा वेळ पायावर असते. आधी बीपी, बोटाला क्लिप लावून नाडी, मग लगेच खुर्चीतून उठ-बस. ही उठ-बस सोपी वाटते पण चालण्याची अर्धी तयारी त्यातच आहे, म्हणून जरा नीट सांगते. आईला सवय लागली होती की सगळा भार उजव्या पायावर टाकायचा, उजव्या हाताने खुर्चीचा हात ओढायचा आणि डावा पाय नुसता पुढे पसरलेला. मॅडमनी डावा पाय गुडघ्याच्या थोडा मागे घेऊन ठेवला आणि उजवा पाय उलट थोडा पुढे सरकवला, म्हणजे उठताना डाव्या पायाला काम करावंच लागतं. हात छातीशी, आणि "काकू, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या, मग उठा." पहिल्या दिवशी उंच स्टूलवरून सहा वेळा जमलं, तिसऱ्या महिन्यात साध्या खुर्चीवरून सलग वीस. त्या उठण्यात आईची डावी मांडी थरथरताना मी बघितलीय, घामाने कपाळ भिजलेलं, आणि मॅडम हात न लावता फक्त गुडघ्यापाशी तळवा धरून उभ्या, लागला तरच आधार.

मग चालणं. मॅडम नेहमी आईच्या डाव्या बाजूला किंचित मागे राहतात, हात कमरेच्या पट्ट्यावर. आणि हे सगळ्यांनी प्लीज वाचा, लुळा हात धरून कधीही ओढू नका. बाबांनी घरी प्रेमापोटी आईला डाव्या दंडाला धरून उठवायची सवय लावली होती आणि त्याने तिचा खांदा इतका दुखायला लागला की रात्री झोप लागेना. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, हाड खोबणीतून खाली सरकलेलं असतं, ओढलं की आणखी बिघडतं. हॉस्पिटलमधून सोडताना आणि नंतर घरी, कोणीच हे आम्हाला सांगितलं नव्हतं.

काठी उजव्या हातात, म्हणजे चांगल्या बाजूला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय. हे बाबांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून जिन्यापाशी चिकटवलंय.

पावलं मोजतात हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. घोट्याला छोटं यंत्र लावतात आणि सेशन झाल्यावर आकडा लिहितात. पहिल्या दिवशी २१० पावलं झाली. मॅडमनी सांगितलं की २००९ साली उत्तर अमेरिकेतल्या काही सेंटर्समधली सेशन्स प्रत्यक्ष बसून मोजली तर सरासरी ३५७ पावलंच निघाली, म्हणजे तिथेही हाच प्रॉब्लेम, थेरपीत प्रत्यक्ष चालणं फारच कमी. आई आता एका सेशनला चौदाशे-पंधराशे पावलं चालते. सपाट जमिनीवर, गादीवर, मागे, बाजूला, छोटे अडथळे ओलांडत, पायऱ्यांवर, आणि थोडा वेळ ट्रेडमिलवर पट्टा बांधून. आणि हळू आरामात नाही, दम लागेपर्यंत. सुरुवातीला मी घाबरले होते की हृदयावर ताण येईल, पण २०२० ची अमेरिकन फिजिओंची गाइडलाइन हेच म्हणते, स्ट्रोकला सहा महिने होऊन गेले असले तरी चालण्याचा वेग आणि दम वाढवायला मध्यम ते जास्त जोराने चालण्याचा सराव करून घ्या. अर्थात डॉक्टरांची परवानगी घेऊन आणि तपासण्या करूनच. आईला बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे, त्यामुळे तिची नाडी फारशी वाढतच नाही, म्हणून मॅडम नाडीवर न जाता तिलाच विचारतात की ६ (काहीच कष्ट नाहीत) ते २० (अगदी टोकाचे) मध्ये किती कष्ट वाटतायत, आणि १४ च्या आसपास ठेवतात. बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम. एकदा बीपी १९० च्या वर आलं तर व्यायाम रद्द करून डॉक्टरांना फोन लावला आणि आम्हाला परत पाठवलं, मला त्या दिवशी यांच्यावर जास्त विश्वास बसला.

स्प्लिंटबद्दल पण लिहिते कारण आम्ही ते उगाच लांबवलं. आईचा डावा पंजा खाली लोंबायचा, पाऊल उचललं की अंगठा जमिनीला घासायचा, घरभर तो सर्र सर्र आवाज यायचा आणि चप्पल मधेच गळून पडायची, तिला पत्ताच नसायचा. ते टाळायला ती पाय कमरेतून बाहेरून गोल फिरवून टाकायची. आणि वजन टाकलं की गुडघा मागच्या बाजूला वाकायचा, बघवायचं नाही. पायाचं माप घेऊन प्लॅस्टिकचा स्प्लिंट बनवला, बुटाच्या आत घालायचा, आणि त्याच दिवशी घासणं थांबलं. आम्हाला वाटत होतं की स्प्लिंट लावला तर पाय आळशी होईल. मॅडमचं म्हणणं, पडून खुबा मोडला तर काय करणार, आणि स्प्लिंटमुळे ती जास्त पावलं चालते तर तोच व्यायाम आहे. फक्त बूट एक साइज मोठा घ्यावा लागतो, मोजा घालूनच स्प्लिंट लावायचा, आणि काढल्यावर कातडी रोज बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडे नेऊन घासून घ्यायचा. आमचा घोट्यापाशी टोचत होता, दोनदा जाऊन दुरुस्त केला.

आईला अजून एक त्रास होता जो मला आधी कळलाच नाही. डावी बाजू तिच्या लक्षातच यायची नाही. नजर चांगली, डोळे तपासले तर ठीक, पण दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा, डावीकडून कोणी आलं तर दचकायची. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये असं होतं म्हणे. मॅडमनी चालण्याच्या रस्त्यावर डाव्या बाजूला रंगीत कोन ठेवले, प्रत्येक कोनाला नाव घेऊन हात लावायचा मगच पुढे. घरी पण आम्ही सगळे आता तिच्या डाव्या बाजूला बसून बोलतो म्हणजे मान वळते.

आता तक्रारी. न्यूरो रिहॅब सेंटर असून दारात तीन पायऱ्या, रॅम्प नाही, पहिल्या महिन्यात आईला व्हीलचेअरसकट उचलून न्यावं लागलं. हे मला आजही समजत नाही. थेरपिस्ट न सांगता बदलतात, मॅडम सुट्टीवर होत्या त्या आठवड्यात जे आले त्यांनी फाइलच वाचली नव्हती आणि आईला परत पहिल्यापासून सुरू केलं, पावलं थेट सहाशेवर आली. रिसेप्शनवर फोन लागत नाही.

रोबोट मशीनची पण बरीच गळ घातली. पाय मशीनमध्ये बांधतात आणि मशीन चालवतं. दिसायला भारी आहे आणि ज्याला सुरुवातीला पायावर उभंच राहता येत नाही त्याला त्याचा उपयोग असू शकतो. पण आई आधीच काठीने चालत होती. वर म्हटलेल्या गाइडलाइनमध्येच चालणाऱ्या जुन्या पेशंटचा वेग वाढवायला रोबोट किंवा दोरीने पेशंटचं वजन उचलून धरणारी ट्रेडमिल नको असं स्पष्ट म्हटलंय. आणि २०११ साली ४०८ पेशंटचा अभ्यास झाला होता, काहींना दोरीच्या ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओने घरी येऊन ताकद आणि तोलाचे व्यायाम दिले, वर्षानंतर दोन्हीकडे सारखाच फायदा, एकूण ५२ टक्के लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं. म्हणजे घरी येणारा फिजिओ वाईट असतो असं मला अजिबात म्हणायचं नाही, आमच्या बाबतीत तो काय करून घेत होता तिथे गाडं अडलं. मॅडमना विचारलं तर त्यांनी पण खरं सांगितलं की काकूंना मशीनची गरज नाही. मशीनची गळ काउंटरवरून होती.

सगळ्यात मोठी तक्रार मनाची. तिसऱ्या महिन्यात आई गप्प गप्प झाली, सेशनला जायचं नाही म्हणायची, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आम्ही समजलो कंटाळली. सेंटरमध्ये पायाचे इतके आकडे मोजतात पण "काकू, झोप लागते का, रडू येतं का" असं एकदाही कोणी विचारलं नाही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, हे मला न्यूरॉलॉजिस्टकडून कळलं. औषध सुरू केल्यावर महिन्याभरात ती स्वतः बूट मागायला लागली. हा भाग सेंटरने फिजिओच्या पहिल्या फॉर्ममध्येच घातला पाहिजे.

घरचा अभ्यास रोज असतो, उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, बाजूला पावलं, आणि दिवसातून चार वेळा चालणं. सेंटरला तीन दिवस जाऊन उरलेले चार दिवस पलंगावर काढले तर उपयोग नाही, हे आम्ही एका आजारपणात बघितलं. एकदा रात्री बाथरूमला एकटी उठली आणि पडली, लागलं नाही पण धीर गेला. पुढच्या सेशनला मॅडमनी तिला गादीवर मुद्दाम खाली बसवून जमिनीवरून परत उठायला शिकवलं, आधी चांगल्या बाजूवर वळायचं, गुडघ्यावर यायचं, समोर खुर्ची घ्यायची. धीर परत आला तो त्यानेच, आमच्या समजावण्याने नाही.

एक बारीक गोष्ट. आधी चालताना मी काही विचारलं की आई थांबायची, पूर्ण उभी राहायची, मग उत्तर द्यायची, आणि मग परत पाऊल. एका वेळी एकच काम व्हायचं डोक्यात. मॅडमनी चालता चालता तीन-तीनने उलटी मोजणी, हातात पाण्याचा पेला, नातेवाइकांची नावं, असं सगळं करून घेतलं. मागच्या आठवड्यात मी मागून हाक मारली, "आई, चष्मा कुठे ठेवलायस?" तर ती चालतच राहिली आणि म्हणाली, "तुझ्याच डोक्यावर आहे बघ."

कोणी सेंटर शोधत असाल तर फोनवरच विचारा की एका तासात पेशंट किती वेळ पायावर असतो आणि चालण्याचा वेग किती आठवड्यांनी मोजता. उत्तर गोल गोल आलं तर दुसरीकडे बघा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, त्यामुळे आमच्यासारखा वेळ घालवू नका, पण तीन महिने उलटले म्हणून सोडून पण देऊ नका, आईचा वेग सहाव्या महिन्यानंतर पण वाढलाय. मॅडमना आणि थेरपीला माझ्याकडून पाचपैकी पाच, सेंटरच्या व्यवस्थेला अडीच.

आत्ताची स्थिती: दहा मीटरला १४ सेकंद, एक टोकाची साधी काठी, स्प्लिंट चालू, घरात पट्टा धरायला कोणी लागत नाही, बाहेर एक माणूस सोबत. डावा हात अजून फारसा आलेला नाही, त्याचं वेगळं चालू आहे. पुढची टेस्ट तीन आठवड्यांनी. ०.८ चा वेग म्हणजे दहा मीटर साडेबारा सेकंदांत, आणि आईने तो आकडा उजव्या हाताने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.